गुणवत्ता एकटी गोल करत नाही : सुनील छेत्री आणि मैदानाचा प्रश्न

आरक्षणाचा विषय निघाला की 'गुणवत्ता' हा शब्द आमच्या तोंडावर फेकला जातो. खेळात तर फक्त गुणवत्ताच चालते, असेही ऐकवले जाते. म्हणून आम्ही आज भारताचा सर्वाधिक गोल करणारा फुटबॉलपटू सुनील छेत्री याच्या कारकिर्दीकडे इतिहास म्हणून पाहणार आहोत.

छेत्रीचा जन्म १९८४ चा, सिकंदराबादचा. वडील सैन्यात, आई स्वतः फुटबॉल खेळलेली. म्हणजे घरात सरकारी पगार होता आणि खेळाची समजही होती. २००२ मध्ये तो मोहन बागानमध्ये आला, २००५ मध्ये पाकिस्तानविरुद्ध भारताकडून पहिला सामना खेळला आणि त्यातच गोल केला. त्याचे कष्ट कुणीही नाकारणार नाही. पण त्या कष्टांना उभे राहायला जमीन मिळाली, हेही नाकारता येत नाही.

पुढची गोष्ट अधिक बोलकी आहे. २००९ मध्ये लंडनच्या क्वीन्स पार्क रेंजर्सने त्याला करारबद्ध केले. परंतु ब्रिटनने कामाचा परवाना नाकारला. कारण काय? जागतिक क्रमवारीत भारत पहिल्या सत्तरात नव्हता! खेळाडू तोच, पाय तेच, पण मोजमाप झाले ते तो कुठून आला याचे. देशाची क्रमवारी निदान खेळून सुधारता तरी येते. जातीच्या उतरंडीत कितीही खेळलात तरी पायरी बदलत नाही. पळवणकर बाळूंनी १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले, तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना दिले गेले नाही. क्रिकेट तेव्हाही 'गुणवत्तेचा'च खेळ होता!

आता छेत्रीचे मोठे क्षण कुठे घडले ते पाहा. २००८ च्या एएफसी चॅलेंज कपच्या अंतिम सामन्यात त्याने ताजिकिस्तानविरुद्ध तीन गोल केले आणि भारत २०११ च्या आशिया चषकाला पात्र ठरला. ते मैदान होते दिल्लीचे आंबेडकर स्टेडियम. जून २०१८ मध्ये आपल्या अंधेरीच्या क्रीडा संकुलात त्याने चायनीज तैपेईविरुद्ध पुन्हा तीन गोल केले, तेव्हा बहुतेक खुर्च्या रिकाम्या होत्या. त्याने व्हिडिओतून लोकांना हात जोडून बोलावले. ४ जूनला, त्याच्या शंभराव्या सामन्याला, तेच मैदान भरले. त्या स्पर्धेत त्याने आठ गोल केले आणि आंतरराष्ट्रीय गोलांत ६४ वर पोहोचून मेस्सीची बरोबरी साधली.

ही दोन्ही मैदाने सार्वजनिक आहेत, लोकांच्या करातून उभी राहिलेली. मित्रांनो, इथेच आपला प्रश्न आहे. अंधेरीचे संकुल महापालिकेचे. मग घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरातल्या किंवा मुलुंडच्या चाळीतल्या पोरीला अशा मैदानावर रोज सराव करता येतो का? तिला प्रशिक्षक कोण देणार? बूट कोण देणार? ज्या वस्तीत दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे राहतात, तिथे मोकळे मैदान ही चैन नव्हे, हक्क आहे.

छेत्रीचे पोस्टर भिंतीवर जरूर लावा. पण त्यासोबत आपल्या वॉर्डातील खेळासाठी राखीव भूखंडांची यादी काढा. कोणता भूखंड कुणाच्या ताब्यात आहे, त्याचे शुल्क किती, तिथे कुणाला प्रवेश मिळतो, हे माहितीच्या अधिकारात विचारा. बाबासाहेबांनी चवदार तळ्यावर सार्वजनिक पाण्याचा हक्क बजावला. सार्वजनिक मैदानाचा हक्क आपण बजावायचा आहे. गुणवत्तेची स्पर्धा त्यानंतर खुशाल होऊ द्या!

जय भीम!