पालकत्वाचा वारसा

कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव १८८४ साली कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले, तेव्हा ते अवघे नऊ वर्षांचे होते. मातृछत्र आधीच हरपले होते. १८८६ साली जन्मदाते वडीलही निवर्तले. परंतु पुढे धारवाडास फ्रेझरसाहेबांसारखे शिक्षक व पालक त्यांना लाभले. हेच शाहू छत्रपती. १९०१ पासून त्यांनी परगावच्या गरीब मुलांसाठी कोल्हापुरात वसतिगृहे उभी करविली.

राजपुत्रास पालक मिळाला तो गादीमुळे. २०१५ च्या बालन्याय कायद्याने मात्र निराधार मूल परक्या कुटुंबात ठेवल्यास त्याच्यासाठी स्वतंत्र संगोपन-योजना आखणे व बालकल्याण समितीने त्या घराची दरमहा पाहणी करणे आवश्यक ठरविले. दैवाची देणगी अशी हक्क झाली. पण पाहणीस येणारे पाऊल अडखळले, तर तो हक्क कागदावरच राहावयाचा.