ऐकायचं पुस्तक

आपण व्हॉट्सअ‍ॅपवर टाइप करतो तसं, म्हणजे रोमन लिपीतलं मराठी, गोव्यातल्या राचोलला १६१६ मध्ये छापलं गेलं. ते 'क्रिस्तपुराण'. लिहिणारे फादर थॉमस स्टीफन्स इंग्लंडचे, १५७९ मध्ये गोव्यात आलेले. नागरीचे ठसे मिळावेत म्हणून त्यांनी १६०८ मध्ये रोमला पत्र लिहिलं होतं. ठसे मिळाले नाहीत.

ग्रंथाच्या सुरुवातीलाच एक नवख्रिस्ती पाद्रींना विचारतो, की आमची जुनी पुराणं बंद केलीत, मग त्यांच्या जागी वाचायला दुसरं का देत नाही? मला हा प्रश्न फार धीट वाटतो. उत्तरादाखल आल्या जवळजवळ अकरा हजार ओव्या. रोमन अक्षरं किती जणांना येत असतील? पण ओवी कानाला ओळखीची होती. चर्चमध्ये एकाने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. आईच्या मांडीवरच्या पोरालाही ते पुस्तक मिळे.

१६८४ मध्ये फर्मान निघालं, की तीन वर्षांत लोकांनी पोर्तुगीज बोलू लागावं. छापील क्रिस्तपुराणाची एकही प्रत आज सापडत नाही. ते टिकलं हातांनी उतरवलेल्या वह्यांतून. १९०७ मध्ये मंगळूरला पुन्हा छापलं, तेही रोमनमध्ये. देवनागरीत यायला १९५६ उजाडलं.

आमच्या नंदाखालचं पवित्र आत्म्याचं चर्चही पोर्तुगीज काळातलं. याच गावात फादर फ्रान्सिस दिब्रिटो जन्मले. त्यांच्या लहानपणी मिस्सा लॅटिनमध्ये असे. कानावर रोज पडे, अर्थ लागत नसे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर ती मराठीत आली. पुढे याच दिब्रिटोंनी 'सुबोध बायबल' लिहिलं. त्या नावातला 'सुबोध' मला म्हणूनच महत्त्वाचा वाटतो.

माझी भाची इंग्रजी माध्यमात शिकते. देवनागरी वाचताना जोडाक्षराला अडते आणि पुस्तक मिटते. आम्ही वाचून दाखवलं तर मात्र सगळं समजतं. घरात पुस्तकं आहेत, भाषा तिच्या कानात आहे, मध्ये लिपी आडवी येते. चारशे वर्षांपूर्वीचीच अडचण, फक्त लिपी बदलली.

परवा तिला 'सुबोध बायबल'मधली हरवलेल्या मेंढराची गोष्ट वाचून दाखवत होतो. तिने मध्येच थांबवलं.

"मामा, मग बाकीची नव्याण्णव कुणाकडे सोडली?"

मी पान पुन्हा वर सरकवून वाचू लागलो.