धुरांडे साफ करणारा भरवशाचा माणूस : लंडनच्या घरांचा एक विसरलेला प्रश्न

१/
घर भाड्याचे, धुरांडे मालकाचे, शेगडी मात्र रोज पेटणार भाडेकरूची. मग ते धुरांडे साफ करायला येणारा माणूस भरवशाचा आहे, हे ओळखायचे कसे? अठराव्या-एकोणिसाव्या शतकातील लंडनमध्ये हा प्रश्न घरोघरी होता. त्याच्या चुकीच्या उत्तराची किंमत मात्र पाच-सहा वर्षांच्या मुलांनी मोजली.

२/
लंडनमधील बहुसंख्य लोक भाड्याच्या घरांत राहत. शेगडीचा भार राहणाऱ्यावरच पडे. १६६२ मध्ये इंग्लंडात हार्थ टॅक्स, म्हणजे शेगडीवरचा कर आला. दर शेगडीमागे वर्षाला २ शिलिंग, आणि तो भरायचा घरात राहणाऱ्याने. १६८९ मध्ये हा कर रद्द झाला; धुरांड्याची काळजी मात्र उरली.

३/
लाकडाऐवजी दगडी कोळसा जळू लागला तशी धुराची नळी अरुंद झाली, कारण कोळशाच्या धुराला नीट ओढ लागते ती अरुंद नळीत. १४ इंच बाय ९ इंच हे नेहमीचे माप. काही नळ्या तर ९ इंच चौरस. त्यांत काजळी साचली की ती पेट घेई आणि आग घरभर पसरण्याचे भय असे. सफाई टाळणे शक्यच नव्हते.

४/
एवढ्या नळीत मोठा माणूस शिरत नाही. म्हणून या धंद्यातील उस्ताद लहान मुले उमेदवार म्हणून ठेवीत. पुष्कळ मुले अनाथ किंवा अतिगरीब घरांतली. कोपरे आणि गुडघे भिंतीला टेकवत ती वर चढत व काजळी खरवडत. कोणी वळणावर अडकून गुदमरे. १७७५ मध्ये पर्सिव्हल पॉट या शल्यविशारदाने धुरांडे साफ करणाऱ्यांतील वृषणकोशाच्या कर्करोगाचा संबंध काजळीशी जोडला. व्यवसायातून होणाऱ्या कर्करोगाची ही पहिली नोंद मानली जाते.

५/
आता मूळ प्रश्न. घरातल्या मंडळींना ‘भरवशाचा’ म्हणजे कसा माणूस हवा होता? पहाटे वेळेवर येणारा, गालिच्यावर काजळी न सांडणारा, चोरी न करणारा. तो मुलाला कसे वागवतो, हे या कसोटीत बसतच नव्हते.

६/
उलट, पर्याय हाताशी असताना तो नाकारला गेला. १८०३ मध्ये जॉर्ज स्मार्ट याने जोडता येणाऱ्या पोकळ काठ्यांचा ब्रश बनवला. १८२८ मध्ये जोसेफ ग्लास याने तो सुधारला. पण यंत्राने घर घाण होते, वळणदार नळीत ते चालत नाही, असे म्हणत कित्येक घरे मुलाचाच आग्रह धरीत. घरवाल्यांच्या लेखी जो सर्वांत ‘भरवशाचा’, तोच मूल घेऊन येणारा असे.

७/
मुलावाचून हे काम होतच नव्हते, असे मात्र नाही. स्कॉटलंडमध्ये छतावरून दोरीला वजन आणि ब्रश बांधून नळीत सोडण्याची रीत रुळलेली होती. अडचण तंत्राची नव्हती, सवयीची होती.

८/
मग ग्राहकाने ओळखायचे नाही, तर कोणी? १७८८ च्या कायद्याने उमेदवाराचे किमान वय ८ वर्षे ठरवले. उस्तादाला परवाना सक्तीचा करण्याचे कलमही प्रस्तावात होते. ते लॉर्ड्स सभागृहाने गाळले. जन्मनोंदणीची सरकारी व्यवस्था नसल्याने मुलाचे खरे वय कोण तपासणार? कायदा कागदावरच राहिला.

९/
१८४० मध्ये २१ वर्षांखालील कोणालाही धुरांड्यात चढवण्यास बंदी झाली. १८६४ मध्ये लॉर्ड शाफ्ट्सबरी यांच्या प्रयत्नांनी शिक्षा कडक झाली. तरी बंद दाराआड, पहाटेच्या अंधारात काय घडते, हे पाहणारा कोणी नव्हता. घरमालक गप्प, भाडेकरू गप्प, आणि मुलाचे ऐकणारे कोणी नाही.

१०/
फेब्रुवारी १८७५. केंब्रिजजवळ फुलबर्न येथील मनोरुग्णालय. विल्यम वायर या उस्तादाने जॉर्ज ब्रूस्टर या ११ वर्षांच्या मुलाला नळीत चढवले. तो अडकला. भिंत फोडून त्याला बाहेर काढले, पण थोड्याच वेळात तो दगावला. वायरला सदोष मनुष्यवधासाठी ६ महिन्यांची सक्तमजुरी झाली.

११/
त्याच वर्षी शाफ्ट्सबरी यांनी नवा कायदा मंजूर करून घेतला. हाताखाली माणसे ठेवून हा धंदा करणाऱ्याला दरवर्षी पोलिसांकडून प्रमाणपत्र घेणे भाग पडले. गुन्हा सिद्ध झाला तर ते प्रमाणपत्रच जाण्याची धास्ती. १७८८ मध्ये गाळलेली कल्पना ८७ वर्षांनी परत आली, आणि मुले चढवण्याची प्रथा अखेर मोडली.

१२/
हे कायदे १९३८ मध्ये रद्द झाले. आज ब्रिटनमध्ये या धंद्याला कायद्याने परवाना लागत नाही. घरवाले व्यावसायिक संघटनांचे सभासदत्व आणि सफाईनंतर मिळणारे प्रमाणपत्र पाहतात. भरवसा केवळ ग्राहकाच्या सोयीवर सोडला, तर ग्राहक आपला गालिचा तेवढा पाहतो. नळीत कोण आहे, हे पाहण्यासाठी समाजाला नियम करावा लागतो, आणि तो पाळला जातो की नाही हे तपासणारा माणूसही नेमावा लागतो.