सामाजिक वादविषयांवरील निबंधांचे सहाध्यायी संपादन

सहाध्यायी संपादन म्हणजे विद्यार्थ्यांनी एकमेकांच्या लेखनाचा कच्चा मसुदा वाचून त्यावर लेखी किंवा तोंडी अभिप्राय देण्याची अध्यापनपद्धती होय. अभिप्राय मिळाल्यानंतर मसुद्यात बदल करायचे की नाही, हे मूळ लेखक ठरवतो. देहदंड, आरक्षण, दारूबंदी, इच्छामरण यांसारख्या विषयांवरील वैचारिक निबंधांच्या बाबतीत ही पद्धती उपयुक्त आणि तितकीच नाजूक ठरते. अशा विषयांवर वाचणाऱ्याचेही ठाम मत असते. त्यामुळे निबंधातील युक्तिवाद सदोष आहे, की तो केवळ आपल्याला पटत नाही, हा भेद संपादक विद्यार्थ्याला सतत करावा लागतो.

## स्वरूप

सहाध्यायी संपादन हे मुद्रितशोधनाहून वेगळे आहे. त्यात प्रथम निबंधाचे मुख्य विधान, त्याला दिलेले आधार आणि मुद्द्यांचा क्रम तपासला जातो. शुद्धलेखन व विरामचिन्हे यांचा विचार शेवटी होतो. सहाध्यायी मूल्यमापनात विद्यार्थी परस्परांच्या कामाची प्रत ठरवतात किंवा गुण देतात. संपादनाचा हेतू मात्र निबंध अंतिम होण्यापूर्वी तो सुधारणे हा असतो.

## इतिहास

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील महाविद्यालयीन लेखनवर्गांत या पद्धतीला सैद्धांतिक बैठक मिळाली. पीटर एल्बो यांनी १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘रायटिंग विदाउट टीचर्स’ या पुस्तकात शिक्षकाविना चालणाऱ्या लेखनगटाची कल्पना मांडली. वाचकाने निवाडा देण्याऐवजी वाचताना आपल्या मनात काय घडले ते लेखकाला सांगावे, असा त्यांचा आग्रह होता. याच पुस्तकात त्यांनी ‘विश्वासाचा खेळ’ आणि ‘संशयाचा खेळ’ या संकल्पना मांडल्या. पहिल्यात वाचक समोरचे मत खरे मानून त्यातील बळ शोधतो, तर दुसऱ्यात त्यातील उणिवा शोधतो.

न्यूयॉर्क शहर विद्यापीठाने १९७० मध्ये मुक्त प्रवेशाचे धोरण स्वीकारल्यानंतर शैक्षणिक पूर्वतयारी कमी असलेले अनेक विद्यार्थी तेथे दाखल झाले. शिक्षकांकडून मिळणारी मदत घेण्यास त्यांतील बरेच जण कचरत. या अनुभवातून ब्रुकलिन कॉलेजमधील केनेथ ब्रफी यांनी सहाध्यायींच्या साहाय्याने शिकण्याच्या पद्धतीचा पुरस्कार केला. विचार हा माणसांतील संवादाचेच आंतरिक रूप असतो, अशी मांडणी त्यांनी १९८४ च्या एका प्रभावी लेखात केली.

## वाचकाचा पूर्वग्रह

वादग्रस्त विषयांवरील संपादनातील मुख्य अडचण १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मानसशास्त्रीय प्रयोगातून स्पष्ट होते. चार्ल्स लॉर्ड, ली रॉस आणि मार्क लेपर यांनी देहदंडाचे समर्थक व विरोधक अशा ४८ विद्यार्थ्यांना दोन अभ्यासांची माहिती वाचण्यास दिली. देहदंडामुळे गुन्ह्यांना आळा बसतो असे एक अभ्यास दर्शवीत होता, तर दुसरा याच्या उलट. दोन्ही अभ्यास संशोधकांनी रचलेले होते. दोन्ही गटांना आपल्या मताला अनुकूल असलेला अभ्यास अधिक विश्वसनीय वाटला व प्रतिकूल अभ्यासातील दोष ठळकपणे दिसले. वाचनानंतर दोन्ही गटांनी आपली मूळ मते आणखी दृढ झाल्याचे सांगितले.

लॉर्ड, लेपर आणि एलिझाबेथ प्रेस्टन यांच्या १९८४ च्या अभ्यासात यावरील एक उपाय आढळला. ‘निःपक्षपातीपणे वाचा’ अशा सूचनेचा फारसा उपयोग झाला नाही. मात्र ‘याच पद्धतीच्या अभ्यासातून उलट निष्कर्ष निघाला असता, तर तुम्ही त्याचे मूल्यमापन असेच केले असते का?’ असा विचार करण्यास सांगितल्यावर पूर्वग्रह लक्षणीयरीत्या कमी झाला. संपादक विद्यार्थ्याला प्रत्येक आक्षेप नोंदवण्यापूर्वी हाच प्रश्न स्वतःला विचारता येतो.

## कार्यपद्धती

संपादन सामान्यतः पुढील टप्प्यांनी केले जाते:

* मसुदा एकदा काहीही न लिहिता पूर्ण वाचणे.
* लेखकाचे म्हणणे त्याला मान्य होईल अशा शब्दांत, एक-दोन वाक्यांत सांगणे. हे जमले नाही, तर मुख्य विधान अस्पष्ट आहे किंवा वाचन अपुरे झाले आहे, असे समजतात.
* प्रत्येक दाव्यापुढे त्याचा आधार कोणता, हे नोंदवणे.
* विरुद्ध बाजूचा सर्वांत सबळ मुद्दा निबंधात आला आहे का, हे पाहणे.
* अभिप्राय शक्यतो प्रश्नरूपात लिहिणे.

उदाहरणार्थ, ‘फाशीच्या भीतीने खून कमी होतात’ या वाक्यापुढे ‘हे चूक आहे’ असा शेरा लेखकाच्या उपयोगाचा नसतो. ‘जन्मठेपेच्या तुलनेत कमी होतात, असे कशावरून?’ हा प्रश्न त्याला पुराव्याकडे नेतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या २०१२ च्या अहवालानुसार, देहदंडामुळे खुनांचे प्रमाण घटते, वाढते की तेवढेच राहते, हे तोवरच्या अभ्यासांवरून सांगता येत नाही. त्यामुळे ‘फाशीचा काहीच परिणाम होत नाही’ असे खात्रीने लिहिणाऱ्या निबंधालाही तोच प्रश्न लागू पडतो.

## परिणामकारकता

क्रिस्टी लंडस्ट्रॉम आणि वेंडी बेकर यांनी २००९ मध्ये इंग्रजी दुसरी भाषा म्हणून शिकणाऱ्या विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात केवळ अभिप्राय देणाऱ्या विद्यार्थ्यांचे स्वतःचे लेखन, केवळ अभिप्राय वापरणाऱ्यांच्या लेखनापेक्षा अधिक सुधारल्याचे दिसले. दुसऱ्याच्या युक्तिवादातील दुवे तपासण्याची सवय स्वतःच्या मसुद्यालाही लागू होते, असे याचे स्पष्टीकरण दिले जाते.

## टीका आणि मर्यादा

जॉन ट्रिंबर यांनी १९८९ मध्ये सहकार्याधारित अध्ययनातील मतैक्याच्या कल्पनेची चिकित्सा केली. गटात एकमत व्हावे यापेक्षा मतभेद नेमका कोठे व का आहे, हे समजणे महत्त्वाचे, असे त्यांनी प्रतिपादन केले. बहुमताच्या दडपणाखाली लेखकाने आपले मत सौम्य केल्यास संपादनाचा हेतूच विफल होतो.

असे विषय लेखनवर्गात असावेत का, यावरही वाद झाला आहे. टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन येथील शाखेत भेदभावविषयक न्यायालयीन खटल्यांवर आधारलेला लेखनाचा अभ्यासक्रम १९९० मध्ये तीव्र विरोधामुळे लांबणीवर टाकण्यात आला. तेथीलच प्राध्यापिका मॅक्सीन हेअरस्टन यांनी १९९२ च्या लेखात लेखनवर्ग शिक्षकांच्या राजकीय मतांचे साधन बनू नये व विद्यार्थ्यांनी आपले विषय स्वतः निवडावेत, अशी भूमिका घेतली.

## भारतातील संदर्भ

महाराष्ट्रात २०१० पासून लागू झालेल्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन पद्धतीत आकारिक मूल्यमापनाच्या साधनांमध्ये सहाध्यायी मूल्यमापनाचा उल्लेख आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नेही प्रगतिपुस्तकात स्वयंमूल्यमापन व सहाध्यायी मूल्यमापन समाविष्ट करण्याची शिफारस केली आहे.

भारतीय वर्गांत अभिप्रायाची निनावी देवाणघेवाण हा केवळ सोयीचा प्रश्न राहत नाही. आडनावावरून जातीचा अंदाज बांधला जात असल्याने आरक्षणावरील निबंध वाचताना युक्तिवादाऐवजी लेखकाच्या जातीकडे लक्ष जाण्याचा धोका असतो. मसुद्यावर नावाऐवजी क्रमांक घालणे हा त्यावरील एक उपाय आहे. मात्र लहान वर्गात हस्ताक्षरावरूनही लेखक ओळखू येतो. शिवाय हुंडा किंवा व्यसनाधीनता यांसारख्या विषयांवर एखादा विद्यार्थी स्वतःच्या घरातील अनुभव लिहू शकतो. अशा वेळी मसुदा कोण वाचणार, याची कल्पना लेखनापूर्वीच देणे आवश्यक ठरते.