दंडावरून कागदावर

बोईसर-पालघर पट्ट्यातला एखादा मुलगा पहिल्यांदा ‘शिपवर’ जायला निघतो, तेव्हा घरात कागदांची एक फाइल तयार होते. पासपोर्ट, सीडीसी (खलाशाचं नोंदणीपुस्तक), वैद्यकीय तपासणीचा दाखला, कंपनीचं करारपत्र. या सगळ्यांत आकाराने लहान पण रंगाने उठून दिसणारं एक पिवळं कार्ड असतं. त्यासाठी एजंटचा फोन येतो: “यलो फीव्हर झालंय का?” तो विचारतो लसीबद्दल, पण घरातल्या म्हाताऱ्या माणसांना पोराला काही आजार झाला की काय असं वाटून जातं. मग पहाटेची गाडी पकडून मुलगा मुंबईला जातो. बंदर आरोग्य संघटना, विमानतळ आरोग्य संघटना आणि सरकारने नेमून दिलेली मोजकी केंद्रं एवढ्याच ठिकाणी ही लस मिळते. गल्लीतल्या डॉक्टरांनी टोचली तरी तिचा दाखला कुठलंही बंदर मानणार नाही.

लस भुकटीच्या रूपात येते आणि एका कुपीत अनेकांचे डोस असतात. द्रावण तयार केलं की काही तासांत ते संपवावं लागतं, उरलेलं फेकून द्यावं लागतं. म्हणूनच ही केंद्रं वार ठरवून देतात आणि माणसं मोजून बोलावतात. सुई दंडाच्या कातडीखाली जाते, कार्डावर शिक्का उमटतो, आणि दहा दिवसांनी ते कार्ड जिवंत होतं. त्याआधी ते दाखवून उपयोग नाही. परवा जहाज गाठायचंय म्हणून आज सुई घेणाऱ्याला हा हिशेब फार महाग पडतो.

प्रवासी म्हणून क्रूझवर जाणाऱ्यांनाही हाच नियम. अणुऊर्जा केंद्रातून निवृत्त झालेलं तारापूरचं एखादं जोडपं दक्षिण अमेरिकेच्या सफरीचं तिकीट काढतं, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न व्हिसाचा असतो. कार्डाचा प्रश्न मागाहून येतो आणि तो जास्त गुंतागुंतीचा असतो. विमान एका देशात उतरतं, क्रूझ मात्र आठ-दहा दिवसांत चार-पाच देशांचे किनारे शिवते. ब्राझीलला स्वतःच्या बंदरात येणाऱ्याकडून कार्ड नको असेल, पण ब्राझीलहून आलेल्या माणसाकडे पुढचं बंदर ते मागू शकतं. शेवटी मायदेशी परतताना भारतही मागतो. म्हणून तिकिटावरच्या पहिल्या बंदराचं नाव पाहून भागत नाही, जहाजाची सगळी वाट वाचावी लागते. साठी ओलांडलेल्यांनी तर लस घेण्याआधी डॉक्टरांशी नीट बोलावं, कारण या वयात पहिल्यांदा घेतलेल्या लसीचे गंभीर दुष्परिणाम तरुणांपेक्षा अधिक आढळतात. ही लस कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भावर वाढवतात, त्यामुळे अंड्याची तीव्र ॲलर्जी असलेल्यांना ती देत नाहीत. अशांना डॉक्टर सूट देणारं पत्र देऊ शकतात. ते मानायचं की नाही हे समोरचा देश ठरवतो.

समुद्रावर जाणाऱ्याकडे कागद मागायची रीत या किनाऱ्याला नवी नाही. सोळाव्या शतकात वसई, तारापूर, डहाणूचा पट्टा पोर्तुगीजांकडे होता, तेव्हा व्यापारी गलबताला त्यांचा ‘कार्ताझ’ हा परवाना घ्यावा लागे. तो नसला की गलबत जप्त. पुढे ‘दस्तक’ नावाचा परवाना आला. दर्यावर्द्याची कागदपत्रं पाण्यापासून सांभाळायला पत्र्याची नळी असे, आणि गोव्याच्या तारवटींच्या, म्हणजे खलाशांच्या, बोलीत सीडीसीचंच नाव ‘नळी’ पडलं. पण कार्ताझ असो की दस्तक, त्यात माल, मालक आणि मुक्काम यांचा उल्लेख असे. खलाशाच्या अंगात काय आहे, हा प्रश्न त्यात नव्हता. तो रोगाने आणला.

भूमध्य समुद्राच्या बंदरांना तो आधी पडला. सध्याच्या क्रोएशियातल्या डुब्रोव्हनिकने, तेव्हाच्या रागुसाने, १३७७ साली प्लेगच्या मुलखातून येणाऱ्यांना तीस दिवस वेगळं ठेवायचा हुकूम काढला. पुढे तीसचे चाळीस झाले आणि इटालियनमधल्या ‘चाळीस’वरून ‘क्वारंटाइन’ हा शब्द बनला. जहाज निघालेल्या बंदरात साथ होती की नव्हती हे सांगणारं आरोग्यपत्र कप्तानाजवळ असे. ते गावाबद्दल बोलत होतं, माणसाबद्दल नाही. लस टोचल्याचा प्रवाशाचा स्वतःचा दाखला यायला आधी लस यायला हवी होती.

आपल्याकडे लस आली ती देवीची. १४ जून १८०२ रोजी मुंबईत तीन वर्षांच्या ॲना डस्टहॉल या मुलीला ती टोचली. भारतातलं हे पहिलं यशस्वी लसीकरण. व्हिएन्नाहून बगदाद, बसरा असा प्रवास करत लस मुंबईला पोचली होती. तिला टिकवायचा त्या वेळी एकच मार्ग होता: एका मुलाच्या दंडावरच्या फोडातून दुसऱ्याच्या दंडावर. ॲनाच्या दंडावरून निघालेली लस अशीच मुलांच्या अंगाखांद्यावरून देशभर गेली. मराठीत या सगळ्याला ‘देवी काढणं’ म्हणू लागले. टोचल्यानंतर आठवड्याभराने तपासणी व्हायची, फोड नीट उठला असेल तरच लस लागली असं धरायचे. १८८० च्या लसीकरण कायद्याने त्याचे दाखले ठरवून दिले: लस यशस्वी झाल्याचा, मूल लस घेण्याच्या स्थितीत नसल्याचा आणि लस लागतच नसल्याचा. पण खरा दाखला दंडावर होता. तो हरवत नसे, भिजत नसे, दुसऱ्याच्या नावावर करता येत नसे. किनाऱ्यावरच्या सत्तरी उलटलेल्या कुणाचीही बाही वर केली तर तो गोल, खोलगट वण आजही दिसतो.

प्लेगने मात्र दंडावरून कागदावर यायला भाग पाडलं. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीतल्या रुग्णांवरून मूळचे गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मुंबईतला प्लेग ओळखला. डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती स्वतःला टोचून घेतली. त्याच वर्षी व्हेनिसला देशोदेशींचे प्रतिनिधी प्लेगसाठी जमले, आणि मुंबईहून निघणाऱ्या हजयात्रेकरूंची जहाजं सरकारला थांबवावी लागली. प्लेगच्या लसीने वण उठत नाही. घेतली की नाही, हे बाही वर करून कळायचं नाही. म्हणून टोचून घेतल्याचा छापील दाखला आला, आणि तो जवळ असलेल्याला सक्तीच्या विलगीकरणातून सवलत मिळू लागली. लस आणि हिंडण्याची मोकळीक यांची सांगड कागदावर घातली गेली ती अशी. आजच्या पिवळ्या कार्डाचं कूळ शोधताना जीनिव्हातल्या जागतिक आरोग्य संघटनेकडे बोट दाखवण्याआधी मुंबईच्या या भीषण वर्षांकडे पाहायला हवं.

विसाव्या शतकात विमानं आली आणि काळजीचं रूप बदललं. जहाज महिनाभर पाण्यावर असे, रोग असेल तर वाटेतच उघडा पडे. विमान मात्र माणसाला रोगाची लक्षणं दिसायच्या आत घरी आणून सोडतं. १९३३ साली हेगला हवाई वाहतुकीसाठी आरोग्य करार झाला. मग जागतिक आरोग्य संघटनेने १९५१ साली सगळे जुने करार एकत्र करून आंतरराष्ट्रीय स्वच्छता नियम केले. ते १ ऑक्टोबर १९५२ पासून लागू झाले. प्लेग, पटकी, पीतज्वर (यलो फीव्हर), देवी, टायफस आणि पुनरावर्ती ज्वर या सहा रोगांवर त्यांची नजर होती, आणि देवी, पटकी व पीतज्वर यांच्या लसींसाठी जगभर चालणारे एकसारखे दाखले ठरले. त्या काळच्या खलाशाला देवीची लस दर तीन वर्षांनी आणि पटकीची दर सहा महिन्यांनी घ्यावी लागे. पंढरीच्या वारकऱ्यालाही पटकीची सुई चुकली नव्हती.

मग एकेक पान गळत गेलं. पटकीची लस रोगाला सीमेवर थोपवत नाही हे दिसून आल्यावर १९७३ मध्ये तिचा दाखला नियमातून वगळला. देवीचं जगातून उच्चाटन झाल्याची घोषणा मे १९८० मध्ये झाली आणि पुढच्या वर्षी तोही दाखला गेला. उरला पीतज्वर. सुधारित आरोग्य नियमांत आज सर्वच देशांना लागू असलेला, रोगाचं नाव घेऊन सांगितलेला दाखला तेवढाच आहे. एके काळी तोही दर दहा वर्षांनी नवा करावा लागे, पण ११ जुलै २०१६ पासून एकदा घेतलेल्या लसीचं कार्ड आयुष्यभर चालतं. जुन्या कार्डांनाही हेच लागू आहे. कार्ड इंग्रजीत किंवा फ्रेंचमध्ये भरलेलं हवं, त्यावर सही आणि अधिकृत शिक्का हवा. खाडाखोड दिसली तर ते बाद ठरू शकतं.

पीतज्वर भारतात नाही. मग भारतच त्याबद्दल इतका कडक का? उत्तर बोईसरच्या चाळीतल्या पाण्याच्या पिंपात सापडतं. पीतज्वर पसरवणारा एडिस इजिप्ती हा डास डेंग्यू आणि चिकुनगुन्याही पसरवतो. तो इथे पिढ्यान्‌पिढ्या आहे, साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि दिवसा चावतो. म्हणजे डास तयार आहे, लस न घेतलेली माणसं तयार आहेत, फक्त विषाणू यायचा बाकी आहे. ही भीती जुनी आहे. १९१४ मध्ये पनामाचा कालवा खुला होण्याआधीच, अमेरिकेतला पीतज्वर त्या जवळच्या वाटेने आशियात शिरेल या चिंतेने वैद्यकीय अधिकारी एस. पी. जेम्स यांना पाहणीसाठी पाठवलं होतं. आजही पीतज्वर असलेल्या देशातून कार्डाशिवाय येणाऱ्याला भारतात सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येतं. यात आपला आणि परका असा भेद नाही. लागोसहून घरी परतणारा वसईचा खलाशीही त्यातून सुटत नाही.

ही काळजी अनाठायी नाही, हे २०१६ साली दिसलं. अंगोलात पीतज्वराची मोठी साथ होती आणि तिथे कामाला गेलेले चिनी कामगार घरी परतत होते. त्यांतल्या अकरा जणांना चीनमध्ये पीतज्वर असल्याचं निष्पन्न झालं. आशियात या रोगाचे रुग्ण निदानानिशी नोंदले गेले ते पहिल्यांदाच. तिथून तो पसरला नाही, पण ज्या दारातून तो येऊ शकतो ते दार सगळ्यांना दिसलं.

या लसीमागची माणसं कार्डावर नसतात. १९२७ साली पश्चिम आफ्रिकेतल्या गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानात, असीबी नावाच्या एका आजारी माणसाच्या रक्तातून विषाणू वेगळा केला गेला. तो माणूस बरा झाला, पण शोध घेणाऱ्यांतले ॲड्रियन स्टोक्स त्याच वर्षी आणि हिदेयो नोगुची पुढच्या वर्षी पीतज्वराने गेले. असीबीचाच विषाणू प्रयोगशाळेत पुन्हापुन्हा वाढवत मॅक्स थायलर यांनी १९३७ साली ‘१७डी’ हा निरुपद्रवी वाण मिळवला. त्यासाठी त्यांना १९५१ चं नोबेल मिळालं. पीतज्वराची आज वापरात असलेली लस याच वाणाची वंशज आहे. पालघरच्या मुलाच्या दंडात जाणारा थेंब नव्वदहून अधिक वर्षांपूर्वीच्या घानातल्या त्या तापाशी नातं सांगतो.

कोविडने हा जुना कागद मोबाइलवर आणला. फेब्रुवारी २०२० मध्ये योकोहामाला ‘डायमंड प्रिन्सेस’वर ३,७११ माणसं अडकली आणि त्यांतल्या सातशेहून अधिक जणांना लागण झाली. जहाजावर शंभराहून जास्त भारतीय कर्मचारी होते. एप्रिलमध्ये ‘मरेला डिस्कव्हरी’वरचे सुमारे दीडशे भारतीय कर्मचारी मुंबईच्या समुद्रात उभे असलेल्या जहाजावरून किनारा पाहत राहिले, मग कुठे त्यांना उतरायची परवानगी मिळाली. पुढच्या वर्षी लस आली, तशी नवी अडचणही. कोव्हिशील्डच्या दोन डोसांत ८४ दिवसांचं अंतर होतं आणि जहाज तितकं थांबणार नव्हतं. जून २०२१ मध्ये केंद्राने शिक्षण, नोकरी आणि टोकियो ऑलिंपिकसाठी परदेशी जाणाऱ्यांना २८ दिवसांनंतर दुसरा डोस घ्यायची मुभा दिली आणि लसनोंदणीच्या ‘कोविन’ पोर्टलवरच्या दाखल्यावर पासपोर्ट क्रमांक घालायची सोय केली. क्यूआर कोड आलेला होताच. शंभर वर्षांपूर्वी बाही वर करावी लागे, आता फोन पुढे करावा लागत होता.

मोबाइलवरचा तो दाखला आता बहुतेक देश मागत नाहीत. पिवळं कार्ड मात्र मागितलं जातं. ते पासपोर्टच्या शेवटच्या पानाला लागून ठेवायचं, त्यावरचं नाव पासपोर्टशी अक्षरन्‌अक्षर जुळतंय हे घरीच पाहायचं, त्याचा फोटो काढून घरच्यांकडे ठेवायचा. शिपवर जुन्या झालेल्या माणसांनी नवख्यांना दिलेले हे सल्ले बोईसरच्या फलाटावर सहज कानी पडतात.

दरम्यान बंदरच या किनाऱ्यावर यायला निघालं आहे. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्ये वाढवण बंदराची पायाभरणी झाली. डहाणू तालुक्यातली ही जागा तारापूरपासून फार दूर नाही. मासेमारीच्या पाण्यासाठी किनाऱ्यावरच्या कोळी, मांगेला, भंडारी कुटुंबांचा त्याला असलेला विरोध अजून शमलेला नाही, आणि त्यांचं म्हणणं ऐकून घेतलं गेलं पाहिजे. बंदर उभं राहिलं, तर परदेशातून आलेलं जहाज आरोग्य अधिकाऱ्याची परवानगी मिळेपर्यंत पिवळं निशाण लावून उभं राहील. कधीकाळी पिवळं निशाण रोगाची खूण होतं. आता ‘क्यू’ हे निशाण सांगतं की आमचं जहाज निरोगी आहे, आत यायला परवानगी द्या. सातपाटीच्या होड्यांवर फडकणाऱ्या रंगीत निशाणांच्या रांगेत ते बाहेरच्या पाण्यात दिसू लागेल, आणि मग कार्डाची तपासणी मुंबईत नव्हे, इथेच होईल.