दगडाआधी चित्रपट

नवगावच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटले, सात जोडपी वाचली आणि लाटांनी किनाऱ्यावर आणलेली प्रेते तिथेच दोन उंचवट्यांखाली पुरली गेली, ही आपल्या पूर्वजांची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. नावे हरवली, पण जागा राहिली. कीव्हच्या यहुद्यांना तेवढेही लाभले नाही, हे आम्हांला अ‍ॅशबर्न येथे लेकीच्या घरी युक्रेनचे चित्रपट पाहताना कळले.

१९४१ साली दारफाळणीचा सण, म्हणजे योम किप्पूर, तोंडावर आला असताना २९ व ३० सप्टेंबरला कीव्हच्या कडेला बाबी यार या घळीत नाझींनी, त्यांच्याच अहवालाप्रमाणे, ३३,७७१ यहुदी गोळ्या घालून मारले. पुढे माघार घेण्यापूर्वी कैद्यांकडून प्रेते उकरून जाळविली. दुसरे महायुद्ध आम्ही शाळेत शिकलो, नंतर शिकविलेही; पण आमच्या पुस्तकांत हे नाव नव्हते.

ते प्रथम पडद्यावर आणणाऱ्यांत मार्क दोन्स्कॉय होता. ओडेसाच्या यहुदी घरात जन्मलेल्या या दिग्दर्शकाने कीव्हच्या स्टुडिओत १९४५ साली ‘नेपोकोर्योन्निये’, म्हणजे ‘न नमलेले’, हा चित्रपट केला. कत्तलीचा प्रसंग त्याने खुद्द बाबी यारमध्ये चित्रित केला. त्यात वृद्ध यहुदी डॉक्टर झालेला वेनियामिन झुस्किन हा मॉस्कोच्या यहुदी रंगभूमीचा नट. नाझींची गोळी त्याने पडद्यावर झेलली. १२ ऑगस्ट १९५२ रोजी स्टालिनच्या राजवटीने त्याला खरोखरच गोळ्या घातल्या.

१९७६ साली सरकारने तिथे स्मारक उभारले, पण त्यावर ‘यहुदी’ हा शब्द नव्हता. मेनोराचे स्मारक १९९१ साली झाले. दगड बोलेपर्यंत चित्रफीतच साक्षीदार होती.

व्हॅलेंतिन वास्यानोविचच्या ‘अटलांटिस’मध्ये (२०१९) युद्धाने मोडलेला सैनिक बेवारस प्रेते उकरून त्यांची ओळख पटविणाऱ्यांना सामील होतो आणि तिथून सावरू लागतो. ती भूमिका करणारा आंद्री रिमारुक स्वतः लढाईवर जाऊन आलेला. २०२४ साली ऑस्कर मिळालेल्या ‘२० डेज इन मारिउपोल’मध्ये सामूहिक खड्डे पुन्हा दिसतात, तो मात्र अभिनय नव्हे.

कोकणातल्या आपल्या कबरस्तानांतील दगडांवरची मराठी आणि हिब्रू अक्षरे पुसट होत चालली आहेत. आज प्रत्येकाच्या हाती कॅमेरा आहे. पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा ती नावे टिपून आणा.