हॅल जॉर्डन की काइल रेनर : ‘ग्रीन लँटर्न’च्या वाचकांमधील दहा वर्षांचा वाद

अमेरिकेतील डीसी कॉमिक्स या प्रकाशनसंस्थेने १९९४ च्या प्रारंभी ‘ग्रीन लँटर्न’ या मासिक चित्रकथेच्या तीन अंकांत, म्हणजे अंक ४८ ते ५० मध्ये, आपल्या जुन्या नायकाला खलनायक केले, त्याचे दल मोडीत काढले आणि त्याची अंगठी एका अनोळखी तरुणाच्या हाती सोपवली. नायक मरणे किंवा बदलणे सुपरहिरोंच्या चित्रकथांना नवे नव्हते. तरीही या तीन अंकांनी वाचकांमध्ये पाडलेली फूट भरून निघण्यास दहा वर्षे लागली. नवे पात्र आणताना जुन्याचे काय करावे, हा प्रश्न निघाला की या प्रकरणाचा दाखला आजही दिला जातो.

ग्रीन लँटर्न हे खरे तर एका व्यक्तीचे नाव नसून पद आहे. या नावाचा पहिला नायक ॲलन स्कॉट १९४० मध्ये अवतरला. १९५९ मध्ये लेखक जॉन ब्रूम आणि चित्रकार गिल केन यांनी ही कल्पना नव्याने मांडली. ‘ओआ’ या ग्रहावरील ‘गार्डियन’ नावाच्या प्राचीन रक्षकांनी विश्वाचे विभाग पाडले असून प्रत्येक विभागात एक अंगठीधारी रक्षक नेमला आहे, अशी ही रचना होती. धारकाच्या इच्छाशक्तीने अंगठी हवा तो आकार निर्माण करते. पिवळ्या रंगापुढे मात्र ती निष्प्रभ ठरते. पृथ्वीच्या विभागाचा रक्षक हॅल जॉर्डन हा वैमानिक होता आणि निर्भयता हाच त्याचा स्थायीभाव होता. गाय गार्डनर (१९६८) आणि वास्तुविशारद जॉन स्ट्युअर्ट (१९७१) हे त्याचे पर्यायी रक्षक म्हणून पुढे आले. याचा अर्थ, नवे ग्रीन लँटर्न वाचकांनी यापूर्वीही स्वीकारले होते.

या मालिकेचा वाचकवर्गही विशेष होता. संपादक जूलियस श्वार्ट्झ वाचकपत्रांच्या सदरात पत्रलेखकांचे पूर्ण पत्ते छापत असत. त्या पत्त्यांवरून वाचक एकमेकांना पत्रे लिहू लागले, आणि त्यातून १९६० च्या दशकात चाहत्यांची हौशी नियतकालिके व मंडळे उभी राहिली. या चाहत्यांना आधीच्या प्रत्येक अंकाचा तपशील पाठ असे आणि संपादकाला जाब विचारणे हा ते आपला हक्क समजत.

१९९३ पर्यंत बाजार बदलला होता. डीसीने सुपरमॅनच्या मृत्यूची कथा छापून विक्रमी खप मिळवला होता. बॅटमॅनचा कणा मोडून त्याच्या जागी काही काळ दुसरा नायक आणला होता. ‘ग्रीन लँटर्न’चा खप त्या मानाने मंद होता. सुपरमॅनच्याच कथानकात हॅलचे गाव, कोस्ट सिटी, सत्तर लाख रहिवाशांसह नष्ट झाले. तत्कालीन लेखक जेरार्ड जोन्स यांनी त्यानंतरच्या अंकांसाठी आखलेली कथा संपादकीय पातळीवर बाजूला ठेवण्यात आली आणि रॉन मार्झ या तरुण लेखकाकडे सूत्रे आली. शोकाने भान हरपलेला हॅल अंगठीच्या बळावर शहर पुन्हा उभे करू पाहतो, गार्डियन त्याला रोखतात, आणि तो सहकाऱ्यांच्या अंगठ्या हिसकावत ओआवर चालून जातो. तेथे जिवलग मित्र किलोवॉगचा जीव घेऊन तो मध्यवर्ती शक्तिकेंद्र गिळंकृत करतो आणि ‘पॅरलॅक्स’ होतो. वाचलेला एकमेव गार्डियन, गँथेट, पृथ्वीवर येऊन शेवटची अंगठी समोर दिसलेल्या पहिल्या तरुणाला देतो. तो तरुण म्हणजे व्यावसायिक चित्रकार काइल रेनर.

काइलच्या निवडीतील हा योगायोग वादाच्या मुळाशी आहे. जुन्या अंगठीने निर्भय माणूस शोधून निवडला होता. नव्याला ती जणू वाटेत सापडली. समर्थकांना नेमके हेच भावले. काइल चुका करतो, घाबरतो, भाडे कसे भरावे या विवंचनेत असतो; चित्रकार असल्यामुळे त्याची अंगठी हिरवी मूठ किंवा ढाल यांपुरती न थांबता दर वेळी काही वेगळे रेखाटते. त्याच्या अंगठीला पिवळ्या रंगाचे भयही नव्हते. त्या वर्षी प्रथमच ही मालिका हाती घेतलेल्या वाचकांच्या दृष्टीने तोच खरा ग्रीन लँटर्न होता.

विरोधकांचा आक्षेप मात्र ‘काइल नको’ इतकाच नव्हता, आणि हे अनेकदा विसरले जाते. ते ‘फ्लॅश’चे उदाहरण देत. त्या मालिकेतील बॅरी ॲलन १९८५ मध्ये विश्व वाचवताना मरण पावला आणि त्याचा शिष्य वॉली वेस्ट वारसदार झाला. वाचक हळहळले, पण वॉलीला त्यांनी आपलेसे केले, कारण त्यात आधीच्या नायकाचा मान राखला गेला होता. हॅलच्या वाट्याला वीरमरण आले नाही. पस्तीस वर्षे सचोटीने वागलेला माणूस तीन अंकांत हत्यारा झाला. एवढे मोठे परिवर्तन एवढ्या अल्प पृष्ठांत पटवता येत नाही, हा आक्षेप साहित्यिक दृष्ट्याही ग्राह्य आहे. मार्झ यांची कथा आज वाचतानाही तिचा वेग खटकतो. शोक समजतो, मित्राच्या हत्येपर्यंतचा प्रवास मात्र गृहीत धरावा लागतो.

शिवाय वाचकांचे मत कोणी विचारलेच नव्हते. १९८८ मध्ये याच संस्थेने बॅटमॅनचा साथीदार जेसन टॉड याने जगावे की मरावे, यावर दूरध्वनीद्वारे मतदान घेतले होते. मृत्यूच्या बाजूने ५,३४३ आणि विरोधात ५,२७१ मते पडली. एका पात्राचे प्राण ७२ मतांनी गेले. तो प्रकार रुचिहीन होता असे अनेकांचे मत असले, तरी कौल तरी घेतला गेला होता.

संतप्त चाहत्यांनी ‘हीट’ नावाची संघटना स्थापन केली. हॅलची निष्कलंक पुनःस्थापना आणि लँटर्न दलाचे पुनरुज्जीवन यांसाठी तिने अनेक वर्षे प्रचार केला. काहींची टीका कथेवरून घसरून लेखकाच्या व्यक्तिगत निंदेपर्यंत पोहोचली, आणि त्यामुळे संघटनेच्या रास्त मुद्द्यांचेही नुकसान झाले.

दुसरा आक्षेप वेगळ्या दिशेने आला आणि परिणामांच्या दृष्टीने तोच अधिक दूरगामी ठरला. ५४ व्या अंकात मेजर फोर्स हा खलनायक काइलची प्रेयसी अलेक्झांड्रा डीविट हिचा खून करून तिचा मृतदेह शीतकपाटात ठेवतो. नायकाला शोक व्हावा आणि त्याने सूडाला प्रवृत्त व्हावे, एवढ्यासाठीच स्त्री-पात्राचा बळी देण्याची ही रीत गेल सिमोन या वाचिकेला अस्वस्थ करून गेली. १९९९ मध्ये त्यांनी चित्रकथांतील अशा स्त्री-पात्रांची यादीच प्रसिद्ध केली. शीतकपाटाचा तो प्रसंग तिच्या नावातच होता. स्वतः मार्झ यांच्यासह अनेक लेखकांनी तिला उत्तरे दिली. सिमोन पुढे स्वतः लेखिका झाल्या आणि डीसीच्याच ‘वंडर वुमन’चे लेखन त्यांनी केले. हॅलच्या समर्थकांनी पुकारलेल्या युद्धापेक्षा या एका यादीने लेखकांना अधिक विचार करायला लावले, असे म्हणण्यास हरकत नाही.

प्रकाशनसंस्थेने हॅलचे प्रायश्चित्त हप्त्याहप्त्याने घडवले. १९९६ मध्ये विझू लागलेला सूर्य पुन्हा चेतवताना त्याने प्राण दिले. १९९९ मध्ये तो ‘स्पेक्टर’ या दैवी सूडशक्तीचा धारक झाला. अखेर २००४ मध्ये लेखक जेफ जॉन्स आणि चित्रकार ईथन व्हॅन स्काइव्हर यांच्या ‘रीबर्थ’ या सहा अंकांच्या मालिकेने त्याला परत आणले. पॅरलॅक्स हे हॅलचे दुसरे रूप नव्हे, तर शक्तिकेंद्रात कोंडलेले भयाचे आदिम अस्तित्व आहे. त्यानेच हॅलला ग्रासले होते आणि अंगठीचे पिवळ्या रंगाविषयीचे वैगुण्यही त्याच्यामुळेच होते, असा खुलासा तीत आला. एका फटक्यात चार दशकांची विसंगती सुटली. कथारचनेचे हे कसब निर्विवाद आहे. त्याची किंमतही मोठी होती : मित्राला मारणाऱ्या माणसाची शोकांतिका आता एका बाह्य शक्तीची करणी ठरली. काही वाचकांना हा न्याय वाटला, तर काहींना पळवाट.

जॉन्स यांनी एक शहाणपण दाखवले. त्यांनी काइलला हटवले नाही. हॅल, गाय, जॉन आणि काइल हे चौघेही पुनःस्थापित दलात राहिले. हाच उपाय पुढे इतरांनीही योजला. मार्व्हलने २०११ मध्ये आपल्या ‘अल्टिमेट’ विश्वातील पीटर पार्करच्या मृत्यूनंतर माइल्स मोरालेस हा नवा स्पायडर-मॅन आणला, पण मुख्य विश्वातील पीटर अबाधित ठेवला; आणि खेड्यातून मुंबईत आलेला पवित्र प्रभाकर, जो २००४ मध्ये भारतीय वाचकांसाठी घडवण्यात आला, तोही कोणाची जागा न घेता स्वतंत्र विश्वात वावरतो.

दूरचित्रवाणीने या वादाला वेगळेच वळण दिले. २००१ मध्ये सुरू झालेल्या ‘जस्टिस लीग’ या ॲनिमेशन मालिकेत ग्रीन लँटर्न होता तो जॉन स्ट्युअर्ट. चित्रकथा कधीही न वाचलेल्या असंख्य मुलांनी ग्रीन लँटर्न म्हणून प्रथम पाहिला तो हाच कृष्णवर्णीय नायक. २०११ मध्ये रायन रेनॉल्ड्स यांची भूमिका असलेला हॅलवरील चित्रपट आला, तेव्हा यातील काही प्रेक्षकांना हॅलच नवखा वाटला. मूळ नायक कोणता, याचे उत्तर वाचक या विश्वात कोणत्या वर्षी शिरला यावर बरेचसे अवलंबून असते.

त्यानंतर पृथ्वीच्या लँटर्नांत भरच पडत गेली. २०१२ मध्ये लेबनीज-अमेरिकी सायमन बाझ आला; त्याच्या हाती अंगठीबरोबर पिस्तूल का, यावर बराच खल झाला. चिंताविकाराशी झुंजणारी जेसिका क्रूझ आणि एन. के. जेमिसिन यांच्या ‘फार सेक्टर’ (२०१९) मधील जो मुलीन यांचे स्वागत तुलनेने उत्साहात झाले. आताची तक्रार उलट आहे : एकाच ग्रहासाठी इतके रक्षक असतील, तर कोणत्याही एकाला पुरेशी पृष्ठे मिळत नाहीत. ही तक्रार सर्वाधिक करतात ते काइलचे चाहते. २०२४ मध्ये ‘लँटर्न्स’ या दूरचित्रवाणी मालिकेसाठी हॅलच्या भूमिकेत काइल चँडलर आणि जॉनच्या भूमिकेत ॲरन पिअर यांची निवड जाहीर झाली. २०२५ च्या ‘सुपरमॅन’ चित्रपटात नेथन फिलियन यांनी गाय गार्डनर रंगवला. त्या चौघांपैकी काइल रेनरच तेवढा या दोन्हींच्या मुख्य भूमिकांबाहेर राहिला.